मसाला शेंगदाणे घरच्या घरी: न तळता, सालीसकट आणि बेताच्या मिठात

दुकानात पाकिटातून मिळणारे मसाला शेंगदाणे बहुतेक वेळा बेसनाच्या जाड आवरणात तळलेले असतात, आणि त्यांत दाण्यापेक्षा पीठ, मीठ आणि तेल यांचीच चव जास्त लागते. येथे दिलेली कृती वेगळी आहे. दाणा लाल सालीसकट ठेवून तो आधी मिठाच्या गरम पाण्यात खारवायचा, वाळवायचा, मंद आचेवर आतपर्यंत भाजायचा आणि अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, त्याला मसाल्याचा पातळ थर द्यायचा. मीठ आत, मसाला बाहेर आणि दोन्हींच्या मध्ये पुरेसा वेळ, एवढे सांभाळले तर तळणाची गरजच उरत नाही.

हा खाऊ पौष्टिक आहे म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. शंभर ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यांत सुमारे 567 किलोकॅलरी ऊर्जा, 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि जवळजवळ 49 ग्रॅम स्निग्धांश असतो. दाणा स्वतःच निम्मा तेलाचा असल्यामुळे, तो न तळल्याने फार हलका होतो असे मानण्यात अर्थ नाही. तीस ग्रॅमची एक मूठ खाल्ली तरी 170 किलोकॅलरी पोटात जातात. त्याबरोबर साडेसात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि भूक चांगली भागते, हा त्यातला लाभ. माझ्या मते घरी करण्याचा खरा फायदा तीन ठिकाणी आहे: दाणे ताजे आणि निवडलेले असतात, मीठ आपण मोजून घालतो, आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल त्यात येत नाही. चौथी गोष्ट खाणाऱ्याच्या हातात आहे. बरणी मांडीवर घेऊन बसण्याऐवजी मूठभर दाणे वाटीत काढून घ्यावेत आणि बरणी फडताळात परत ठेवावी.

दाण्यांची निवड

अर्धा किलो कच्चे, लाल सालीचे शेंगदाणे घ्यावेत. महाराष्ट्रात खरिपाची भुईमूग काढणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि उन्हाळी पिकाची मे-जूनमध्ये. या दोन हंगामांनंतर बाजारात येणारा माल ताजा असण्याची शक्यता अधिक. जाडा दाणा दिसायला भरदार असतो, परंतु खारवण्यासाठी मध्यम किंवा लहान, गोलसर दाणा मला अधिक सोयीचा वाटतो, कारण तो आतपर्यंत लवकर आणि एकसारखा भाजला जातो. आकार कोणताही असो, एका घाण्यात लहान-मोठे दाणे मिसळू नयेत. मोठा भाजला जाईपर्यंत लहान करपतो.

विकत घेताना दोन दाणे चावून पाहावेत. ताजा कच्चा दाणा गोडसर, हिरवट चवीचा लागतो. जिभेवर खवट किंवा साबणासारखी चव रेंगाळली, अथवा दाणा सोलल्यावर आतून पिवळट आणि तेलकट दिसला, तर तो माल घेऊ नये. खवटपणा भाजून जात नाही आणि मसाल्याने झाकला जात नाही.

घरी आणल्यावर दाणे सुपात पाखडून परातीत पसरावेत आणि हाताने निवडावेत. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सुरकुतलेले, काळपट, किडके आणि बुरशीचा संशय येणारे दाणे काढून टाकावेत. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक असे विष तयार करते. भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. एखादा दाणा संशयास्पद वाटला तर त्याच्या दोन पाकळ्या सोडवून पाहाव्यात, कारण बाहेरून लाल आणि निरोगी दिसणाऱ्या दाण्याच्या आतल्या खोबणीत कधीकधी हिरवट-पिवळी भुकटी दडलेली असते. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा.

खारवणे

अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करावा, त्यात 30 ग्रॅम म्हणजे साधारण दोन मोठे सपाट चमचे मीठ विरघळवावे आणि निवडलेले दाणे त्यात घालून झाकण ठेवावे. दहा मिनिटे पुरेशी होतात. या वेळात लाल सालीला बारीक सुरकुत्या पडतात, रंग किंचित गडद होतो आणि दाणा बोटांत दाबला तर थोडा मऊ लागतो. यापेक्षा जास्त वेळ ठेवल्यास साली सुटू लागतात, आणि त्या आपल्याला टिकवायच्या आहेत. सालीत पॉलिफेनॉल वर्गातील उपयुक्त घटक असतात, तिचा किंचित तुरटपणा तिखटाबरोबर चांगला लागतो, आणि मसालाही सोललेल्या गुळगुळीत दाण्यापेक्षा सालीच्या खरखरीत पृष्ठभागावर चांगला धरतो.

मिठाच्या पाण्यात दाणे टाकले म्हणजे सगळे मीठ पोटात गेले असे नव्हे. बहुतेक मीठ पाण्याबरोबर निथळून जाते, आणि किती आत गेले हे घरच्या वजनकाट्यावर सहज काढता येते. दाणे भिजवण्याआधी आणि निथळल्यावर तोलून पाहावेत. समजा, 500 ग्रॅमचे 560 ग्रॅम झाले. म्हणजे 60 ग्रॅम खारे पाणी दाण्यांनी धरले. या पाण्यात मिठाचे प्रमाण पावणेसहा टक्क्यांच्या आसपास असल्याने दाण्यांत सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ गेले. पुढे मसाल्यात दीड ग्रॅम काळे मीठ येईल. एकूण पाच ग्रॅम मीठ अर्ध्या किलोत, म्हणजे एक टक्का. तीस ग्रॅमच्या मुठीत 0.3 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, तेव्हा हे प्रमाण बेताचे आहे. आत मुरलेले मीठ चावताना सगळीकडे सारखे लागते, त्यामुळे वरून भुरभुरण्याची इच्छाही होत नाही. रक्तदाब असलेल्यांसाठी पाण्यातील मीठ निम्मे करावे आणि काळे मीठ वगळून आमचूर थोडे वाढवावे. केवळ सैंधव वापरल्याने सोडियम टळत नाही, कारण सैंधव आणि काळे मीठ हीदेखील मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत.

दाणे रोळीत किंवा चाळणीत निथळून घ्यावेत आणि सुती पंचावर एकेरी थरात पसरून पंख्याखाली तास-दोन तास वाळवावेत. हाताला ओलावा लागता कामा नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम तीन तासांवर जाऊ शकते. तरीही रात्रभर ओले दाणे पसरून ठेवू नयेत, बुरशीला नेमके तेच हवे असते. हवा फारच दमट असेल तर कढई अगदी मंद तापवून त्यात दहा मिनिटे दाणे फिरवावेत आणि मगच भाजण्यास सुरुवात करावी.

भाजणे

भाजण्याचा सुगंध आणि सोनेरी रंग हा दाण्यातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या अभिक्रियेतून येतो, आणि तिला पाणी उकळण्याच्या तापमानापेक्षा बरेच जास्त तापमान लागते. दाण्यात पाणी आहे तोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. आच मोठी ठेवली तर बाहेरचा थर कोरडा होऊन करपतो आणि आतला गाभा ओलाच राहतो. असा दाणा त्या दिवशी बरा लागतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. म्हणून संयम हाच या कृतीचा मुख्य भाग आहे.

जाड बुडाची लोखंडी कढई मध्यम आचेवर तापवावी, तेल न घालता दाणे टाकावेत आणि पहिली पाचसहा मिनिटे सतत हलवत राहावे. या वेळात थोडी वाफ निघते आणि सालींवर मिठाची पांढुरकी झाक दिसू लागते. मग आच मंद करावी आणि पुढची पंधरा ते वीस मिनिटे, तळापासून उलथन्याने वरखाली करीत, दाणे भाजावेत. कढई लहान असेल तर दोन घाणे करावेत. थर जाड झाला की खालचे करपतात आणि वरचे केवळ गरम होतात. मधूनमधून तडतड ऐकू येऊ लागते, साल विटकरी होते, आणि कच्च्या दाण्याचा हिरवट वास जाऊन भाजका वास घरभर पसरतो. मात्र या खुणांवर पूर्ण विसंबू नये. दोनतीन दाणे बशीत काढून पंख्याखाली तीन मिनिटे गार करावेत, साल काढून पाकळ्या वेगळ्या कराव्यात आणि आतली बाजू उजेडात पाहावी. पांढरी आणि ओलसर दिसली तर आणखी पाच मिनिटे लागतील. कडेपासून मध्यापर्यंत फिकट बदामी रंग आला असेल आणि चावल्यावर कट्कन आवाज आला तर आच तत्काळ बंद करावी. गरम दाणा कधीच कुरकुरीत लागत नाही, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळेच बहुतेक घरांत दाणे जास्त भाजले जातात. शिवाय कढईतून काढल्यावरही दाण्याच्या आतली उष्णता काही मिनिटे काम करीत राहते, तेव्हा ते गरम कढईत न ठेवता लगेच परातीत पसरावेत.

ओव्हन असल्यास 150 अंश सेल्सिअसवर, एकेरी थरात, 30 ते 35 मिनिटे लागतात आणि दर दहा मिनिटांनी ट्रे बाहेर काढून दाणे हलवावे लागतात. एअर फ्रायरमध्ये याच तापमानावर 15 मिनिटांनंतर तपासायला सुरुवात करावी. मायक्रोवेव्हमध्ये दाणा आतूनही तापत असल्याने बाहेरून ठीक दिसतो आणि गाभा काळा पडलेला असतो. तोच वापरायचा असेल तर एकेका मिनिटाने थांबून, दाणा फोडून पाहावे.

भडभुंजे भट्टीवर तापलेल्या वाळूत किंवा मिठात दाणे भाजतात. घरी हीच रीत करायची तर कढईत किलोभर खडेमीठ चांगले तापवून त्यात वाळलेले दाणे परतावेत आणि भाजले की चाळणीने मीठ वेगळे करावे. मीठ दाण्याला सर्व बाजूंनी उष्णता देते, त्यामुळे भाजणी अतिशय एकसारखी होते, आणि गार झालेले मीठ डब्यात भरून पुढच्या वेळी याच कामाला वापरता येते. मिठाचा पातळ थर सालीवर राहतोच, म्हणून या पद्धतीत आधी खारवण्याची गरज नसते आणि मसाल्यात काळे मीठही घालू नये.

मसाला

दळलेला मसाला दाण्याबरोबर भाजायला घालू नये. दाण्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तिखट अर्ध्या मिनिटात करपून कडू होते. दोघांना एकाच वेळी आचेवर ठेवले तर एकाचे नुकसान ठरलेलेच आहे.

अर्ध्या किलो दाण्यांसाठी दोन छोटे चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर, शेंगदाण्याचे तेल पुरते. हे तेल सगळ्या दाण्यांवर वाटले गेल्यावर एका मुठीमागे जेमतेम पाच किलोकॅलरी वाढतात. लाल तिखट दीड छोटा चमचा घ्यावे. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी थोडी लवंगी मिसळली तर उत्तम. त्याशिवाय भाजून कुटलेल्या धण्याजिऱ्याची पूड एक चमचा, आमचूर एक चमचा, हळद पाव चमचा, काळे मीठ पाव चमचा, दोन चिमटी हिंग आणि कढीपत्त्याची पंधरावीस पाने, धुऊन पूर्ण कोरडी केलेली, एवढी तयारी असावी. पिठीसाखर अर्धा चमचा घातल्यास आमचुराचा आंबटपणा गोल होतो, पण ती आवश्यक नाही.

रिकाम्या कढईत तेल तापवून कढीपत्ता मंद आचेवर परतावा. पान बोटांत चुरले जाईल इतके कोरडे झाले पाहिजे. अर्धवट ओले पान बरणीत गेले तर त्याचा ओलावा दाणे शोषून घेतात. मग हिंग आणि हळद घालून लगेच गॅस बंद करावा, दाणे कढईत टाकून तेल सगळीकडे लागेपर्यंत हलवावेत, आणि त्यानंतर तिखट व धणेजिरे पूड भुरभुरावी. तिखटाचा जहालपणा आणि हळदीचा रंग तेलात विरघळतो, त्यामुळे एवढ्याशा तेलातही प्रत्येक दाण्याला मसाला धरतो. आमचूर, काळे मीठ आणि साखर सर्वांत शेवटी, दाणे कोमट झाल्यावर घालावीत. आंबटपणासाठी लिंबाचा रस पिळण्याचा मोह अनेकांना होतो. तो खायला घेतलेल्या वाटीत खुशाल पिळावा, कढईत पिळू नये.

तयार मालवणी मसाला हाताशी असेल तर धणेजिरे आणि तिखट यांच्या जागी तो एक मोठा चमचा घालावा; त्यातले मसाले आधीच भाजलेले असल्याने कच्चा वास राहत नाही. कांदा-लसूण मसाला चवीला झणझणीत लागतो, परंतु त्याने दाणे टिकण्याचा काळ कमी होतो, तेव्हा तो लावलेले दाणे दोनतीन दिवसांत संपवावेत. चाट मसाला वापरल्यास काळे मीठ वगळावे, कारण त्यात ते असतेच.

उपवासासाठी करायचे असतील तर हळद, हिंग आणि धणे वगळून सैंधवाच्या पाण्यात खारवलेले दाणे जिरेपूड, मिरपूड आणि थोडे तिखट यांत घोळवावेत, तेलाऐवजी तूप घ्यावे. कोणत्या घरात काय चालते याची रीत निरनिराळी असते. ती ज्याने त्याने पाळावी.

काजूसाठी थोडा फरक

काजू खारवू नयेत. काजूबी फोडून, गर वाळवून आणि सोलून तो बाजारात येतो; पुन्हा पाण्यात घातल्यास तो लोण्यासारखा मऊ पडतो आणि भाजताना तुटतो. पाव किलो काजू 150 अंशांवर ओव्हनमध्ये 12 ते 15 मिनिटे, किंवा कढईत अगदी मंद आचेवर तेवढाच वेळ, फिकट सोनेरी होईपर्यंत भाजावेत. नंतर एक छोटा चमचा कोमट तूप, एक चमचा भरड कुटलेली काळी मिरी आणि पाऊण चमच्याहून कमी बारीक मीठ लावावे. वेंगुर्ले, मालवण आणि गोव्याच्या दुकानांत मिरी लावलेले काजू मिळतात, त्यांची चव घरी याच तीन जिनसांतून येते.

खरेदी करताना पाकिटावरील 180, 240, 320 या आकड्यांकडे पाहावे. एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, साधारण किती अखंड गर बसतात ते हे आकडे सांगतात. आकडा जितका मोठा तितका गर लहान. चवीत त्याने फरक पडत नाही, किमतीत मात्र पुष्कळ पडतो. मसाला लावायचा असेल तर अखंड गराऐवजी पाकळी घेणे मला शहाणपणाचे वाटते: ती स्वस्त असते आणि सपाट बाजूवर मसाला चांगला बसतो. पाकळी दोनतीन मिनिटे आधी भाजली जाते, एवढेच ध्यानात ठेवावे. बदामही याच पद्धतीने करता येतात, फक्त त्यांना पाचसात मिनिटे जास्त लागतात.

साठवण

दाणे परातीत पसरून पूर्ण गार होईपर्यंत, निदान तासभर, तसेच ठेवावेत. कोमट दाणे बरणीत भरले तर झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेड आणि शेगडीची ऊब यांपासून दूर ठेवल्यास हे दाणे दोन ते तीन आठवडे चांगले राहतात. प्रकाश, उष्णता आणि हवा यांनी दाण्यातले तेल खवट होते, म्हणून पारदर्शक बरणी बंद फडताळातच ठेवावी. पावसाळ्यात सगळे दाणे केवळ खारवून-भाजून ठेवावेत आणि दोन दिवसांना पुरतील एवढ्यांनाच मसाला लावावा. साधे भाजलेले दाणे मऊ पडले तर मंद कढईत पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. मसाला लावलेले दाणे मात्र ओव्हनमध्ये 120 अंशांवरच गरम करावेत, कढईत त्यांचे तिखट करपते.

शेंगदाण्याची किंवा काजूची अ‍ॅलर्जी काहींच्या जिवावर बेतू शकते, तेव्हा पाहुण्यांपुढे बशी ठेवण्याआधी विचारून घ्यावे. पाच वर्षांखालील मुलांना अखंड दाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी मसाला न लावलेल्या दाण्यांचे कूट करून ते पोह्यांत किंवा कोशिंबिरीत घालावे.

बरणी संपत आली की तळाशी तुटक्या पाकळ्या, सुटलेल्या साली, कढीपत्त्याचा चुरा आणि मसाला उरतो. तो टाकू नये. चारपाच लसूण पाकळ्यांसह खलबत्त्यात कुटला, तेल सुटेपर्यंत कुटला, तर सोलापुरी शेंगदाणा चटणीच्या जवळ जाणारी चटणी होते. मीठ पुन्हा घालावे लागत नाही, तिखट चव पाहून वाढवावे, आणि भाकरीबरोबर ती त्याच दिवशी संपवावी.